शेपटीची उजवी बाजू

आमच्यात त्या कोळंबीला नावच नव्हतं. जी खायची नाही तिला नाव कशाला? जवळा, करंदी, निवटी, चिंबोरी, ज्यांचं कालवण होतं त्या सगळ्यांची नावं लहानपणापासून तोंडात बसलेली. ही मात्र खाडीच्या चिखलात हातभर खोल बीळ करून राहायची. रंगाने काचेसारखी, पोटातलं सगळं बाहेरून दिसायचं. चुकून जाळ्यात आली तर बायका तिला परत चिखलात भिरकावायच्या. माझ्या मुलीने, मृणालीने, तिला स्पिरिटच्या बाटलीत घालून घरी आणलं आणि फ्रीजवर ठेवलं.

"हिला भूत कोळंबी म्हणतात, आई."

"मग उचल तिथनं. बाजूला देवघर हाय."

"तसलं भूत नाही गं."

"ते तू तिला सांग. माझं ऐकायची नाही ती."

मृणाली खाडीच्या चिखलातल्या जिवांवर पीएच.डी. करते. आम्ही मूळचे मानकोलीचे. जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं तेव्हा टेमघरला फ्लॅट घेतला, सगळ्यांनी पायाचा चिखल एकदाचा धुऊन टाकला, आणि ही मुलगी शिकूनसवरून पुन्हा गुडघाभर चिखलात जाऊन उभी राहिली. "लोकांच्या पोरी ऑफिसात जातात, आमची बिळात हात घालते," असं माझी नणंद, आक्का, प्रत्येक हळदीला चारचौघींत सांगायची. त्यात तक्रार किती आणि मिरवणं किती, हे मला अजून कळलेलं नाही.

बाटलीत एक नर होता. मानकोलीच्या पुलाखाली, ओहोटीला, प्लंबरकडून बनवून घेतलेल्या पंपाने चिखल उपसताना मृणालीला तो सापडला होता. त्याच्याबरोबर एक लहानशी मादीही मिळाली होती, ती दुसऱ्या बाटलीत. बस्स, एवढीच दोघं.

पंढरी म्हणजे माझा नवरा. हाक मारताना 'अहो'च्या पुढे मी कधी गेले नाही. कागदावर मात्र नाव घेते, कागदावर सासू नसते. पंढरी डिझाईन मास्तर होता. साडीची किनार, पदर, बुट्टी तो ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढायचा. त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते भोकं पाडून पंच व्हायचे, पत्ते लूमवर चढायचे आणि खडखड करत साडी बाहेर. किती बायका त्याची किनार नेसून लग्नांत मिरवल्या असतील. साडीवर शिक्का मात्र दुकानाचा. मग कॉम्प्युटर आला. कारखान्याच्या शेठच्या पुतण्याने कसलासा प्रोग्राम आणला आणि पंढरी घरी बसला. तो घरी बसला तशी त्याच्या किडन्यांनीही सुट्टी घेतली.

डायलिसिसहून यायचा तो पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखा. मधल्या दिवशी बरा असायचा. या मधल्या दिवसांचं काय करायचं हाच खरा आजार होता. टीव्ही लावायचा, बंद करायचा, बाल्कनीत उभा राहून खालच्या टेम्पोवाल्यांना रिव्हर्स शिकवायचा.

एकदा मृणाली जेवणाच्या टेबलावर त्या नराचं चित्र काढत बसली होती. शास्त्राच्या लेखात नुसते फोटो पुरत नाहीत. प्रत्येक सांधा, प्रत्येक केस दिसायला शाईचं चित्र लागतं. पंढरी मागे येऊन उभा राहिला.

"हे काय, भेंडी हाय?"

"नांगी आहे, पप्पा."

"सरक."

त्याने कपाटातून धागे मोजायचं भिंग काढलं, बशीतल्या त्या प्राण्यावर धरलं आणि एका नांगीवरून दुसरीवर नेलं.

"हिला कोणी बनवली गं? एक हात कोयता, दुसरा हात चमचा."

"नर असाच असतो. एक नांगी मोठी, एक लहान."

"शेठनं असला पीस बघितला असता तर अख्खा माल परत पाठवला असता."

पण त्याने ती काढली. कोयता कोयत्यासारखा आणि चमचा चमच्यासारखा. मृणालीने कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणून दिला आणि त्यानंतर प्रत्येक मधल्या दिवशी आमच्या टेबलावर जेवणाआधी कोळंबी असायची. डोळे, मिशा, पाय, पोटाखालची वल्ह्यांसारखी पाती. मी भाकरी थापता थापता विचारायची, आज कुठवर आलात, आणि तो सांगायचा, "चौथ्या पायाच्या ढोपरापाशी हाय." वर्षानुवर्षांत पहिल्यांदा माणूस संध्याकाळी हात धुताना गुणगुणायला लागला होता.

चित्रं पुरी झाली आणि मृणालीच्या गाईडने, भावना मॅडमनी, ती बघितली. त्या शेपटीच्या चित्रापाशी थांबल्या. शेपटीच्या टोकाला एक पान असतं. या नराच्या पानाला मागच्या कडेवर दोन खोल खाचा होत्या, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि मध्ये जिभेसारखा भाग. मॅडमनी जगभरचे लेख काढून पाहिले. अशी शेपटी कोणाचीच नव्हती. डीएनए एका जुन्या ओळखीच्या कोळंबीशी मिळत होता, पण मॅडम म्हणाल्या, शेपटी इतकी वेगळी असेल तर ही नुसती नवी जात नाही, अख्खी नवी प्रजाती आहे.

जात आणि प्रजातीतला फरक मला मृणालीने असा समजावला: "शास्त्रात आडनाव आधी लिहितात, आई, रेशनकार्डावर लिहितात तसं. प्रजाती म्हणजे आडनाव, जात म्हणजे त्या घरातलं एक माणूस. हे आडनावच जगात नव्हतं आतापर्यंत."

"म्हणजे पुलाखाली राहून हिनं आपलं तरे आडनाव लावलं न्हाय," पंढरी म्हणाला.

"तरे नको पप्पा, तिच्यावर पण भावकी तुटून पडेल."

लेख लिहून झाला. शेवटच्या पानावर एक ओळ होती: 'सर्व चित्रे: पंढरी तरे.' मृणालीने त्याला लॅपटॉपवर ती ओळ दाखवली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "छापून कधी येल?" एवढंच विचारलं. त्यानंतर दर डायलिसिसच्या दिवशी, रिक्षात बसताना, हाच प्रश्न. मृणाली सांगायची, तपासायला गेलाय पप्पा, वेळ लागतो. "आम्ही एवढ्या वेळात शंभर साड्या उतरवल्या असत्या," तो म्हणायचा.

छापून यायच्या आधी पंढरी गेला. डायलिसिसच्या खुर्चीवरच, झोपल्यासारखा.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे होते, पण लांब, विजेच्या तारेवर. आता त्यांचीही पोटं हायवेवरच्या ढाब्यांवर भरतात. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. आक्का पुढे झाली, पदर सावरला. "पंढरी, मृणालीचं लगीन करू रं. थळ बघू चांगलं. ये." कावळा ढिम्म. आमचा पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या हातचा आंबा तोडणार न्हाय." कावळ्याने मान वळवली. कोणीतरी मटणाचं म्हणालं, कोणीतरी दुकानाच्या बाकीचं. मृणाली तोंडाला ओढणी लावून उभी होती.

बायकोने पुढे जायचं नसतं. मी गेले. "तुमची चित्रं छापून येतील," मी म्हटलं. "तुमच्या नावानं. आम्ही दोघी बघतो ते. जा आता."

कावळा आला. भुकेलाही असेल. पण चोच लावली त्याने, आणि आक्का माझ्या गळ्यात पडून अशी रडली, की भावासाठी तिला तसं रडताना मी आजवर कधी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून लेख छापून येणं हे मृणालीचं काम राहिलं नाही, माझं झालं. रोज सकाळी चहा देताना मी विचारायची, आलं का काही? जणू मी त्याच्या रिक्षात बसले होते.

मग उत्तर आलं. लेख तपासणारे शास्त्रज्ञ परदेशातले असतात आणि आपलं नाव सांगत नाहीत. आमच्याकडे त्याला निनावी पत्र म्हणतात आणि ते कधीच चांगल्या कामासाठी येत नाही. हेही तसंच. भाषा मात्र फार सभ्य. चित्रं उत्तम आहेत, असं पहिल्या ओळीत. मग म्हटलं होतं: नराच्या शेपटीला दोन खाचा, मादीची शेपटी मात्र साधी सरळ. नवी प्रजाती सगळी या खाचांवर उभी आहे. तर कृपया नराची शेपटी पुन्हा तपासा आणि दोन्ही बाजूंना खाच आहे याची खात्री करून कळवा.

"मग तपास की," मी म्हटलं.

मृणालीने बाटली उजेडात धरली. नराच्या शेपटीला उजवी बाजूच नव्हती.

"लॅबमध्ये चिमट्याने उचलताना तुटली," ती म्हणाली. "तुकडा इतका बारीक होता, बशी धुताना गेला. मला तेव्हा काही वाटलं नाही. पप्पांचं चित्र आधीच झालं होतं ना. लेखात शेपटीचं वर्णन मी चित्र समोर ठेवूनच लिहिलं."

"आणि तुटायच्या आधी तू नव्हती बघितली?"

"मी सगळा वेळ नांगीच बघत होते, आई. शेपटीकडे कोण बघतं?"

दुसरा नर मिळतो का म्हणून आम्ही दोघी ओहोटी बघून पुलाखाली जाऊन आलो. मी साडी खोचून, ती पंप घेऊन. बिळं पुष्कळ होती. त्यांतून चिखलच वर यायचा, नाहीतर दुसरेच किडे. पुन्हा गेलो. पुन्हा तेच. पुलावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याने वरून ओरडून विचारलं, "क्या ढूँढ रही हो, मौसी? सोना?" मृणालीने मान वर केली नाही. मी ओरडले, "शेपटी!" तो बिचारा गेला निघून.

तेव्हा भावना मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. मॅडम कडक आहेत, पण माझ्याशी नेहमी हळू बोलतात, मी तुटेन अशी त्यांना भीती वाटते बहुतेक.

"काकी, एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "चित्र काढलं तेव्हा शेपटी अखंड होती. काकांनी दोन्ही बाजू बघून काढल्या असतील तर तसं आपण लिहू शकतो. नमुना नंतर तुटला, पण चित्र आधीचं आहे आणि ते प्रत्यक्ष पाहून काढलंय. असं चालतं. फक्त मला खात्री हवी. ते काम करताना तुम्ही समोर असायचात ना?"

"असायचे."

"मग तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन."

मी म्हटलं, "उद्या सांगते मॅडम, भाजी करपतेय," आणि फोन मृणालीच्या हातात दिला.

मृणालीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आली. "आई, गॅसवर काही नाहीये."

मी ओट्यावरचा पुसलेला भाग परत पुसला.

"आई."

"काय गं?"

"नको सांगू." तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "मला काही सांगूच नकोस. उद्या मॅडमना फक्त हो म्हण. तू समोर होतीस, पप्पांनी बघून काढलं, संपलं. त्यात खोटं काय आहे? बघूनच काढायचे ते."

"मृणाली—"

"तू कावळ्याला शब्द दिलायस! मी नाही दिला. तू दिलास, सगळ्यांसमोर." आणि खोलीत जाऊन तिने दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी टेबलापाशी बसले. शेपटी काढली तो दिवस मला नुसता आठवत नव्हता, त्याचा वास येत होता. मी समोर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होते. पंढरीचा डोळा सूक्ष्मदर्शकाला चिकटलेला. डाव्या बाजूला त्याला फार वेळ लागला. खाच, खाचेच्या आतले केस, एकेक केस मोजून. मग त्याने पाठ ताणली, बाटलीचं झाकण लावलं आणि ती माझ्याकडे दिली, फ्रीजवर ठेवायला. आणि ट्रेसिंगचा कागद मधोमध दुमडून, डावी बाजू उजवीकडे उतरवायला घेतली. साडीची बुट्टी काढायची ती अशीच. अर्धी काढायची, घडी घालायची, उरलेली उलटी उतरवायची. डिझाईनवाले त्याला मिरर मारणं म्हणतात. जन्मभर त्याने तेच केलं.

मी विचारलंसुद्धा होतं. "दुसरी बाजू न्हाय बघायची?"

"हात सोडले तर बाकी सगळं सरळच हाय तिचं. दोन डोळं सारखं, मिशा सारख्या. देव पण अर्धंच काढतो गं, चंद्रा, बाकीचा मिरर मारतो. एवढ्या जीवांचं पुरं कोण काढत बसंल?"

मी हसले होते. वालाची सालं हातातून सांडली होती इतकी हसले होते.

म्हणजे उजवी बाजू कोणीच पाहिलेली नव्हती. पंढरीने नाही, मृणालीने नाही, मी नाही. हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि मी गप्प बसले तर पंढरीचं नाव छापून येणार होतं, नव्या आडनावासकट. कोणाचं काय जाणार होतं? त्या कोळंबीला तर कोणी विचारायला येणार नव्हतं.

मी 'हो' म्हणायचं ठरवलं. खरंच ठरवलं. उठून तांदूळ धुतले, कुकर लावला. आणि कुकरची वाट बघत उभी असताना मला शेठचा शांतीनगरचा कारखाना आठवला. पंढरीच्या एका किनारीत मोराच्या पिसात एक चौकोन चुकीचा भरला गेला होता. एक चौकोन. माल लूमवर चढलेला. त्याला तो घरी जेवताना, हातात घास असताना, लक्षात आला. तसाच उष्ट्या हाताने निघाला, लूम बंद करायला लावला. शेठ ओरडला, कोण बघणार आहे रे एवढंसं? पंढरीने त्याला काय सांगितलं ते मला त्या लूमवरच्या कामगाराच्या बायकोने नंतर सांगितलं. "नेसणारी बघंल का न्हाय ते माहीत न्हाय, शेठ. पण मी तर बघितलंय आता."

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि मृणालीच्या दारावर टकटक केली.

"जेवायचं नाहीये मला."

"नको जेवू. ऐक."

तिने दार उघडलं. मी सांगितलं. वालापासून घडीपर्यंत सगळं. ती दारातच उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "एकदा डोकं वळवायचं होतं त्यांनी. एकदा. किती वेळ लागला असता?"

"थकले होते गं."

"मग दुसऱ्या दिवशी बघायचं. बाटली कुठं पळणार होती? एवढं सगळं केलं आणि..." तिने दारावर तळहात आपटला. "इतका कसा मूर्खपणा करतं कोणी?"

"मूर्खपणा न्हाय. सवय." माझाही आवाज चढला. "लोकांना दोन्ही किनारी सारख्या लागायच्या. तीस वर्षं त्यांना सारखंच काढायला लावलं सगळ्यांनी. आता अचानक एक प्राणी आला सारखा नसणारा, त्यांना काय माहीत?"

मृणाली पलंगाच्या कडेवर बसली. "मॅडमना तू सांग," ती म्हणाली. "मला नाही जमणार."

सकाळी मी सांगितलं. मॅडम बराच वेळ स्क्रीनवर खाली बघत राहिल्या. मला वाटलं रागावल्या. पण त्या चित्र बघत होत्या.

"मृणाली, डाव्या खाचेच्या आतले केस बघ," त्या म्हणाल्या. "बाजूच्या केसांपेक्षा आखूड आहेत. काकांनी ते तसेच काढलेत, आखूड. मला आधीच दिसायला हवं होतं. ही खाच जन्माची नाही. कधीतरी चावा बसला असेल कोणाचा, आणि भरून येताना तिथे नवे केस उगवलेत." मग चष्मा काढून म्हणाल्या, "जखम आहे ती. जखमेचं चित्र आहे हे."

"मग उजवीकडे?"

"उजवीकडे बहुतेक साधी सरळ कड असणार. मादीसारखी. डीएनए सांगत होता तेच खरं. ही जुनीच कोळंबी आहे. तिला नाव देऊन शंभर वर्षं होऊन गेली असतील."

"मग लेख?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी.

"मागे घेऊ, काकी. त्यात छापण्यासारखं काही उरत नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "चूक कुठे झाली ते मात्र त्यांना कळवायला हवं. दुरुस्त केलेलं चित्र जोडून पाठवू या."

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी टेबलाशी बसलो. मृणालीने लॅपटॉप उघडला. "स्कॅन आहे माझ्याकडे. उजवी बाजू पुसते, एका क्लिकचं काम."

"आणि कागदावर?"

"कागद कोण बघतंय आता?"

मी कपाटातून मूळ कागद काढला. शाई खरवडायचं काम शेवटी शेवटी माझंच असायचं, त्याच्या हाताला कंप सुटायचा म्हणून. ब्लेड मधोमध मोडायचं, एका बाजूला चिकटपट्टी लावायची, आणि कागदाला जवळजवळ आडवं धरून हलकेच ओढायचं. जोर दिला तर कागद फाटतो. मी उजव्या खाचेपासून सुरुवात केली. एकेक केस त्याने उतरवला होता, डावीकडचे तेवढेच उजवीकडे, आखूड ते आखूड, लांब ते लांब. कुठेही कंटाळा केलेला दिसत नव्हता. काळी भुकटी व्हायची, मी फुंकर मारायची. मृणाली आधी बघत नव्हती. मग बघायला लागली. मग तिने बोटाने कागदाचा कोपरा धरून ठेवला, हलू नये म्हणून.

उजवी बाजू गेली. डावी तेवढी राहिली, खाचेसकट.

"आता इथं काय काढायचं?" मी विचारलं.

"तुटक रेघ. जो भाग होता पण आपल्याकडे नाही, तो तुटक रेघेने दाखवतात."

त्याचं शाईचं पेन मी कधी हातात धरलं नव्हतं. धरलं. बारीक बारीक तुकड्यांनी रेघ नेली, मधल्या टोकापासून खाली, कडेने वळवून वर.

"थोडी वाकडी आलीय," मृणाली म्हणाली.

"राहू दे. सरळ होती का वाकडी, आपण कुठं बघितलीय."

ती किंचित हसली. कोपऱ्यात, खाली, त्याची सही होती, बारीक अक्षरात: पं. तरे. मृणालीने तिच्यावरून बोट फिरवलं, न टेकवता.

"पप्पा असते तर काय बोलले असते गं?"

"आधी माझ्यावर चिडले असते, तू कशाला सांगितलंस म्हणून. मग दोन दिवस कोणाशी बोलले नसते. मग म्हणाले असते, दुसरी बाटली आण."

मृणाली हसायला लागली. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले. दहाव्याला रडली नव्हती ती. मी आधी कागद बाजूला सरकवला, शाई ओली होती. मग तिला जवळ घेतलं.